फुरका

कुन्नूरहून आणलेल्या पुड्या मी ओट्यावर मांडल्या,
पारोळ्यात, चैत्रातल्या दुपारी तीन वाजता,
कूलर बंद करून. वास हलू नये म्हणून.
सहाच पुड्या, पण कप सात लागतात, एकसारखे, पांढरे.
घरात निघाले चार, दोन स्टीलच्या वाट्या,
आणि आईच्या लग्नातल्या सेटमधला एक, कान तुटलेला.

नियम सांगितले. दूध नाही, साखर नाही, आलं नाही,
गवती चहाची पात तर नाहीच नाही.
"मंग पेवानं कसाले?" कोकिळामावशी म्हणाली
आणि पदरानं घाम पुसत पाटावर बसली.

सव्वीस वर्षं ती जिनिंगमध्ये कापूस निवडत होती.
चिमटीत तंतू ओढायची आणि सांगायची
हा काळ्या रानातला, हा नाल्याकाठचा,
ह्याला वेचणीआधी पाऊस लागलेला.
मी कुन्नूरला तीन महिने जीभ शिकायला गेलो होतो.
नापास झालो.
फुरका मारता येईना मला.
चहाबरोबर हवा ओढायची असते, जोरात, टाळूवर आपटेल अशी,
आणि मी लहान असताना जिजाबरावकाकांनी
पाहुण्यांसमोर एकदा डोळे वटारले होते,
तेव्हापासून मी ओठ मिटून पितो.

मावशीनं बशीत ओतला
आणि असा फुरका मारला
की दारातली शेळी मान वर करून बघू लागली.

पहिला आसामचा.
"नवं सूप सारवलं ना, ते उन्हात ठेवल्यावर."
मी लिहिलं: माल्टी.
दुसरा दार्जिलिंगचा. तो तिनं तोंडात बराच वेळ ठेवला.
पहाटे हरभऱ्यावर फडकं फिरवतात आंब गोळा करायला,
ते पिळताना बोटांना लागतं, तसं.
पुस्तकात तिथं कुठलंसं द्राक्ष लिहिलेलं आहे.
परीक्षेत मला ते द्राक्ष काही केल्या सापडलं नव्हतं.
तिसरा निलगिरीचा: "पाव्हना से."
म्हणजे चांगला आहे, बसेल, बोलेल, जाईल.

चौथा धुरावर वाळवलेला, सगळ्यांत महाग.
तिनं बशी ओठांपर्यंत नेली आणि थांबली.
सरकीच्या गोदामाला आग लागली होती, त्या वर्षी असा वास
लुगड्यांतून पोळ्यापर्यंत गेला नव्हता.
दोघी आत होत्या. इंदू, आणि
वरखेडीची एक नवीन, जिचं नाव अजून हजेरीत चढलं नव्हतं.
चहा मोरीत गेला. कप पालथा झाला.
माझ्या वहीत चौथी ओळ कोरी आहे.

पाचवा, हिरवा: "बकरीले दे."
सहाव्यात मीच वेलदोडा घातलेला, हळूच; तो तिनं न बोलता संपवला.

सातवा म्हणजे पुन्हा पहिलाच.
चाखणाऱ्याला पकडायची ही जुनी युक्ती,
कुन्नूरला मी हिच्यातच सापडलो होतो.
मावशीनं नुसता वास घेतला.
"हाऊ पहिलाच से." मग एक घोट.
"पन पानी येगळं."

खरंच. पातेलं संपलं म्हणून मी दुसऱ्या हंड्यातून घेतलं होतं.
"पहिलं नळाचं, अकरा दिवसांचं. हे टँकरचं,
विहीर खारी आहे त्याची."
वहीत रंगाचा रकाना होता, वासाचा, कसाचा,
घोट गिळल्यानंतर जिभेवर काय उरतं त्याचा.
पाण्याचा नव्हता.
कुन्नूरला नळ दिवसभर चालू असायचा,
आम्ही तोंड धुता धुता गप्पा मारायचो.

संध्याकाळी तिनं आपला चहा टाकला,
सुटी पावडर, ठेचलेलं आलं, दारातली पात, साखर मोजून नाही.
मी फुरका मारून पाहिला.
ठसका लागला. ती हसली.

कप मी टँकरच्या पाण्यानं विसळले,
आणि ते पाणी पातीच्या आळ्यात ओतलं.
चौथा मात्र तिनं माझ्या हातातून घेतला,
राखेनं घासला, आतून, बाहेरून, बुडाशी,
मग नळाच्या हंड्यावरचं झाकण काढलं
आणि तांब्याभर पाणी
धार बारीक ठेवून
त्या एका कपावर ओतत राहिली.