जादा हवा

पेटी फोडली तेव्हा आत, फोमच्या खाचेत,
पाट्याएवढं ॲल्युमिनियमचं धूड.
सुपरचार्जर.
कुंजुमोन म्हणाला, गाडीपेक्षा हेच महाग दिसतंय.
हुमैद म्हणाला, गाडी बाबांची आहे.
हे माझं.

शारजा, सनाइया दहा. ऑक्टोबर संपत आलेला,
तरी पाना उन्हात राहिला की उचलवत नाही.
एफजेचं बॉनेट वर करून मी वरचा मॅनिफोल्ड काढला,
सहा भोकं उघडी पडली.
आधी त्यांत फडकी कोंबली.
एक नट जरी आत घरंगळला
तर माझं तिकीट ठरलेलंच.

रात्री फोनवर बायकोनं विचारलं, आज काय केलंत?
म्हटलं, गाडीला भाता बसवतोय.
ती लोहाराघरची, तिला एवढं पुरलं.
तरी म्हणाली, वाळवंटात राहता,
आणि वाऱ्याची कसली कमी पडली?
मी समजावलं: इंजिन आपल्या छातीनं ओढतं
तेवढीच हवा त्याची.
हा वरून दाबून भरतो.
जादा हवा, जादा पेट्रोल, जादा जाळ.
ती जरा वेळ गप्प.
पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
मग म्हणाली, आमचे दादा ओरडायचे भात्यावर बसले की,
हळू गं, फार फुंकलं की
लोखंडसुद्धा जळतं.

दुसऱ्या दिवशी रोडेल लॅपटॉप जोडून बसला,
पडद्यावर आकड्यांची रांगोळी.
मी म्हटलं, दाब अर्धा पौंड कमी ठेव.
का?
बायको म्हणते.
तो हसला. पण ठेवला.

आता एक गोष्ट सांगायची तर लाज वाटते.
नऊ वर्षं झाली मला या देशात
आणि वाळवंट मी फक्त एअर फिल्टरमधून पाहिलंय.
गाडी येते, फिल्टर काढतो, वर्तमानपत्रावर झटकतो.
लालसर पडली तर बदायर.
फिकट, पिठासारखी, तर किनाऱ्याकडची.
जाड आणि पिवळी पडली तर मालक खोटं बोलतोय,
घरी वेगळंच गाव सांगून आलाय.
मी आणि कुंजुमोन पैजा लावतो, चहाच्या.

शुक्रवारी हुमैद म्हणाला, चल. बसवलंस तू,
काही तुटलं तर तूच हवास.

डांबर संपलं तिथे तो उतरला
आणि चारही चाकांतली हवा सोडायला लागला.
सुस्स्स.
इंजिनात हवा कोंबायला एवढे दिरहम मोजले
आणि इथे चाकातली फुकट घालवतोय!
मी हे मराठीत म्हणालो. त्याला काय कळलं कोण जाणे,
म्हणाला, वाळूवर पसरून चालावं लागतं.

मग तो चढ.
समोर काचेत नुसतं आभाळ,
बॉनेटखाली माझा भाता किंचाळतोय
गिरणीत मिरची दळतात तसा,
आणि मी डॅशबोर्ड धरून मनात
एकेक बोल्ट मोजतोय:
हा आवळला होता. हा आवळला होता.
हा?
पाना टक् म्हणाला होता का?

म्हणाला असावा.
माथ्यावर त्याने चावी फिरवली.
गरम लोखंड टिकटिकत राहिलं थोडा वेळ,
नंतर तेही थांबलं.
चारी बाजूंना ती लाल, इतकी,
की कुठल्या फिल्टरमध्ये मावणार.
खाली दूर एक उंट आमच्याकडे बघत होता
किंवा बघत नव्हता.
हुमैदनं बापाला फोन लावला. उचलला नाही.
त्याने मला विचारलं, कसं वाटलं?
डोळ्यांत वाळू गेली होती.
मी म्हटलं, बेल्ट किंचित कुरकुरतोय.
रविवारी आण.

खोलीवर आलो, दारातच बसून
बूट उपडे केले पेपरवर.
कुंजुमोन मासे तळत होता.
मान वळवून एकदाच पाहिलं त्याने.
बदायर, म्हणाला,
चहा तुझ्याकडे.