परवान्यासाठी फोटो

संघाच्या कचेरीनं घेतलेला कॅमेरा
साबणाच्या वडीएवढा.
डोळा लावायला खिडकी नाही,
पाठीवर नुसता पडदा.
बेनिग्नो म्हणाला, स्वस्तात पडला,
आणि फोटो परवान्यावर चिकटवायचेत,
लग्नातले थोडेच आहेत.

तर मी, इरिया, कारकून,
ओहोटीच्या तक्त्याप्रमाणे नऊ चाळीसला
नोयाच्या खाडीत उतरले, घोटाभर चिखलात.
सत्तावीस बायका वाकून वाळू ओढत होत्या,
दाताळ्यांची खरखर,
बादल्यांत तिसऱ्या, मधूनच पिचकारी मारणाऱ्या.
गालिसियात निम्मं वर्ष आभाळ गळतं,
नेमकं आज ऊन.

बाबांच्या कॅमेऱ्याला खिडकी होती.
एक डोळा मिटून ते दुसरा तिथं लावायचे
आणि तोंड काळ्या डब्यामागे गडप.
आई म्हणायची, हा माणूस
पाहून काणाडोळा करतो
की काणाडोळा करून पाहतो,
पंचवीस वर्षांत कळलं नाही मला.

माझ्यापाशी लपायला काहीच नाही.
हात लांब करून उभी,
जणू कुणापुढे कॉफीचा ट्रे धरलाय.
मारूशा ओरडली, जवळ ये गं,
आम्ही फक्त शनिवारी चावतो!

पाठीमागून ऊन.
पडद्यावर आभाळ, एक कुरव पक्षी
आणि मीच, कपाळाला आठी.
मारूशाचा पत्ता नाही.
तळहाताचा आडोसा केला.
जाकीट डोक्यावर ओढलं, फोटोत अस्तर आलं.
उजेड वाढवला, बॅटरी उतरली,
ऊन उतरलं नाही.

तेव्हा दोसिंदा उठली,
कमरेवर हात ठेवून, टप्प्याटप्प्यानं,
घडीची खुर्ची उघडावी तशी.
वय सदुसष्ट. गवती टोपी, काठ सुपाएवढा.
काही न बोलता माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली
आणि पडदा उजळला.

विहिरीत वाकून पाहावं
तशी मारूशा तळातून वर आली.
मग ओतिलिया, बाल्बिना, एर्मितास.
मानेवर दोसिंदाचा श्वास, लसणाचा आणि शेवाळाचा.
हिला हनुवटी वर करायला सांग.
ही हसली की दात झाकते, थांब.
आत्ता.
तिच्या 'आत्ता'वर मी बटण दाबत गेले.

सव्वीस झाल्या.
मग ती समोर गेली,
सावली तिच्याबरोबर गेली.

पुन्हा मी आणि आभाळ.
पडद्याकडे बघणं मी सोडलं.
कॅमेरा छातीशी धरला, तान्हं धरतात तसा,
आणि तिच्याकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी.
तिनंही, दोन्ही.
असं पाहणं फार वेळ झेपत नाही कुणाला.
बटण कधी दाबलं, सांगता येणार नाही.
झालं?
माहीत नाही.
मग झालं, ती म्हणाली, पाणी चढतंय.

कचेरीत बेनिग्नोनं फोटो मोठे केले.
सव्वीस फोटोंत, गमबुटांपाशी,
टोपीची गोल सावली.
ती कापली, चेहरे चौकटीत बसले.
सत्ताविसाव्याचं कपाळ अर्धं उडालेलं,
क्षितिज कलंडलेलं, डावीकडे निम्मी बादली.
हा नाही चालायचा, तो म्हणाला, दुसरा आण.

दुसरा तिच्या नातवानं आणून दिला,
पांढऱ्या भिंतीपुढचा.
त्यात ती कुणीही आहे.

कलंडलेला माझ्या खणात आहे,
शिक्क्यांच्या डबीखाली.
त्यात ती भिंगाकडे बघत नाही,
जरा वर बघते.
आणि बादलीतल्या एका तिसरीनं
तेवढ्यात उडवलेलं पाणी,
तीन थेंब,
अजून खाली पडलेले नाहीत.