जमिनीपासून अठ्ठावन्न इंच

प्रत्येक फोटोचा मध्य
जमिनीपासून अठ्ठावन्न इंचांवर यायला हवा.
नियम माझा नाही,
पण बावीस वर्षं तो माझ्याच खिशात आहे,
पेन्सिलीच्या थोटकाशेजारी.

नदीच्या मुखाशी हा मासे डब्यात भरायचा जुना कारखाना.
आता कला केंद्र. भिंती पांढऱ्याफेक.
तरी ढगाळ दिवशी विटांना साल्मनचा वास सुटतो
आणि पाहुणे म्हणतात, अहाहा, समुद्र!
आम्ही हो म्हणतो.

यंदा सभासदांचे एकशे सव्वीस फोटो आले.
परीक्षक बाई पोर्टलंडहून :
दोन दिवस, एक थर्मास, आवाज न करणारे बूट.
फोटोसमोर थांबायच्या, मान जराशी कलती,
मग नुसतं "हो", नाहीतर "थँक यू".
थँक यू म्हणजे नाही.

एकेचाळीस हो.
बाकीचे मी मागच्या खोलीत नेले,
फरशी पुसायच्या बादलीपाशी,
तोंडं भिंतीकडे करून.

त्यात इल्मा कोस्केलाचा होता.
सलग सातवं वर्ष.
तोच दगडी धक्का, तेच धुकं,
आणि धुक्यात काहीच नाही.
"काहीच नाही कसं?" एकदा ती म्हणाली होती,
"नीट बघ. तिथे त्याची बोट नाहीये."

नकाराचे फोन मलाच करावे लागतात.
"कळलं," मी नाव उच्चारायच्या आत ती म्हणाली,
"तुझा घसा दरवर्षी याच आठवड्यात बसतो."

गुरुवारी, एकोणतिसावा फोटो.
एफ्राइन ओल्वेराचा, टायरच्या दुकानातला पोरगा,
नखांत अजून काळं.
पुढे गंजकी क्रेन, तिच्यावर एक भिजलेला सीगल,
उभा असा, जणू क्रेन त्याच्या बापाची.
बाईंनी याला लगेच हो म्हटलं होतं.
मी पातळी टेकवली, बुडबुडा मधोमध आणला,
आणि तेव्हा दिसलं :
लांब, डाव्या कोपऱ्यात, धक्क्याच्या टोकाला
अंगठ्याच्या नखाएवढा पिवळा रेनकोट
तिपाईवर वाकलेला.

बराच वेळ मी शिडीवर तसाच.
मग खिळा उपटला
आणि सहा इंच खाली ठोकला.
इल्मा बुटकी आहे, त्यात पाठही वाकलीय.

उद्‌घाटनाला चीज, द्राक्षं, प्लास्टिकच्या पेल्यांतून वाइन.
एफ्राइनची आई पोराच्या फोटोसमोर
फोटोचा फोटो काढत होती; फ्लॅश काचेवर उडत होता.
ती हलली तशी इल्मा पुढे आली.
चष्मा कपाळावर सारला. नाक काचेला टेकलं असावं.
आम्ही सगळे एकदम चीजकडे बघायला लागलो.

"पाठमोरी मी थेट माझ्या आईसारखी," ती म्हणाली.
मग मला, हळूच :
"हा एकटाच एवढा खाली का?"
"भिंत सरळ नाही," मी म्हटलं.
तिने भिंतीवर हात फिरवला.
साठ वर्षांपूर्वी याच भिंतीपाशी ती मासे साफ करायची,
भिंत तिला माझ्याहून जास्त ठाऊक.
"हो," ती म्हणाली, "इथे जरा झुकलीय खरी."

चौतीस दिवसांनी मी खिळे काढीन,
भोकांत लांबी भरीन, वर पांढरा हात.
एक भोक रांग सोडून खाली.
तेही भरीन.
नवा रंग काही दिवस वेगळा दिसतोच.