अभिप्रायाची वही

महिन्यातला दुसरा शनिवार.
टेलिफोन एक्सचेंज चौक, होमिओपॅथीच्या दवाखान्यावरचा हॉल,
छत्तीस खुर्च्या, माणसं एकोणीस,
त्यातली चार फक्त कूलरसाठी आलेली.
वही माझ्याकडे. जिल्हा कोर्टात स्टेनो आहे ना मी,
जो जसं बोलेल तसं उतरवायची सवय.

सिनेमा बर्फाच्या देशातला.
भाषा नेमकी कोणती, यावर धकाते सर आणि हेडाऊ
दिवे मालवायच्या आधीच भांडून बसले.
एक बाई रस्त्याकडेला उभी. बस येत नाही.
खाली पांढरी अक्षरं उमटतात, मागे पांढरा बर्फ,
बाई काही म्हणते
आणि तिचं म्हणणं बर्फात बर्फ होऊन जातं.
"आता वाचावं काय माणसानं," हेडाऊ.

मग ती बोलायचीच थांबली
आणि आमचा कूलर ऐकू यायला लागला.
गवतातून टपटपतं पाणी,
पंख्याचं एक पातं पत्र्याला घासतंय, खर्र, खर्र,
जशी त्या देशात कुठं तरी पिठाची गिरणी.

"कूलर बंद करा," मागून प्रबुद्ध मेश्राम.
"येडा झाला का बे? बाहेर सेहेचाळीस आहे."
"तिथं शांतता सुरू आहे काका. ती ऐकू येऊन नाही राहिली."
हात वर करून मतदान घ्यावं लागलं.
नऊ विरुद्ध आठ. दोघं झोपलेले, त्यांची मतं बाद.
नववा हात माझा.

कूलर थांबला.
घाम कानामागून निघाला, मानेवर आला, थबकला.
पडद्यावर बाईच्या तोंडातून वाफ.
कुणाची तरी खुर्ची करकरली
आणि आम्ही सगळ्यांनी वळून त्याच्याकडे असं पाहिलं
की त्यानं देवळात चपला घातल्या असाव्यात.
अकरा मिनिटं. हेडाऊंनी घड्याळ लावून मोजली.

बस आलीच नाही,
की आली आणि ती चढली नाही,
यावर चहावर साय धरेपर्यंत वाद.

मी लिहून घेतलं.
धकाते सर: दिग्दर्शकाला काळाविषयी काही सांगायचं आहे.
हेडाऊ: मलाही आहे. पावणेदोन तास गेले.
नंदनवार बाई: कोट छान. पण शेवटी तिनं
वरची दोन बटणं उघडी का ठेवली, एवढ्या थंडीत?
खालचा कंपाउंडर: काहीच नाही झालं.
तरी मी उठलो नाही. काऊन, ते समजलं नाही.
एकूण मत: उत्तम. जागतिक दर्जाचा.

प्रबुद्ध काही बोलला नाही. खुर्च्या रचत होता.

मार्चमध्ये त्याचा स्वतःचा सिनेमा दाखवला होता इथंच.
कोराडीकडचं एक गाव. दोरीवर धुणं.
वीज केंद्राची राख येऊन बसते,
आई साडी झटकते, राख बसते,
आई झटकते.
ती बोलते ते आमचंच, "येऊन राहिली पाय पुन्हा,"
खाली अक्षरांची गरज नव्हती.
माणसं सात. कूलर लागायचे दिवस नव्हते,
शांतता फुकट होती.

पान काढलं मी ते.
गती नाही.
गरिबीचं भांडवल.
एखादं गाणं चाललं असतं.
असं काही समजत नाही बुवा.
सगळं माझ्याच अक्षरात, वळणदार.
त्यानं त्या दिवशी वही मागितली होती, वाचली,
"अक्षर चांगलं आहे ताई," म्हणाला आणि परत दिली.

माझ्या नावासमोर नुसती रेघ.
कोर्टात स्टेनोला मत नसतं.
साक्षीदार गप्प बसला तर तेवढं लिहितो आम्ही,
साक्षीदार गप्प.
स्वतःच्या गप्प बसण्याचं काय लिहायचं
हे कुणी शिकवलं नाही.

कूलर परत सुरू झाला होता, पानं उडत होती,
हेडाऊ जिन्यातून ओरडत होते,
पुढच्या वेळी जरा मारामारीचा आणा राजेहो.
मी कोपरानं पान दाबलं, रेघ खोडली, लिहिलं:
आईनं चौथ्यांदा साडी झटकली
तेव्हा मी श्वास धरून ठेवला होता.

तारीख आजची घातली.
उशीर झालाय,
तो दिसू दे.