तीनची रेघ

काउनासच्या हॉलबाहेर बिअरचे पेले आपटत
भांडतायत म्हातारे: थोर कोण?
हा ताडमाड, तो चपळ,
आणि हल्लीची पोरं तर काय,
उडतातच नुसती.

गेनोवाइते आत फरशी पुसते.
पन्नास वर्षं झाली.
तिला विचारत नाही कुणी.

रिमगाउदास डावखुरा होता,
कापडी बूट, अंगठ्याशी फाटलेले.
त्या तिकडच्या कोपऱ्यातून टाकायचा चेंडू;
जाळी हलायची,
कडं हूं की चूं करायचं नाही.
तेव्हा तीनची रेघ आखलीच नव्हती.
दोनच धरले, प्रत्येक वेळी.

रेघ आली त्या वर्षी तो
सिमेंटच्या कारखान्यात
पोती मोजत होता.

कोपऱ्याशी पोचली की ती थांबते जरा,
फडकं पिळते,
राहिलेला एकेक गुण
मनाशी मिळवत जाते.
बेरीज अजून चालूच आहे.