राखण

हाल्बेराच्या कुरणाचं कुंपण संपतं तिथे
जमीनच संपते.
छातीएवढा उंच मातीचा काठ,
भाकरीची कड उंदरांनी कुरतडावी तसा,
आणि खाली काळी वाळू, थेट हिमनदीपर्यंत.

काठाच्या उभ्या कापात थर दिसतात:
माती, राख, माती, राख,
मध्येच बोटभर पांढरा पट्टा.
"हा कुणाच्या तरी पणजीचा हिवाळा," ती म्हणते,
"मेंढ्या दात पडून मेल्या त्या वर्षी."

राखेवर उभं राहून राखण करायची.
काम एवढंच.

मी रेक्याविकहून आलो, तिच्या बहिणीचा नातू,
हातमोजे नवे, झाडं लावायच्या तयारीने.
तिने दाताळं दिलं
आणि ट्रॅक्टरमागे तीन वर्षांचं कुजलेलं गवत.
ते काठाच्या तोंडात कोंबायचं,
वाऱ्याला चावायला दुसरं काहीतरी द्यायचं.
वर लेंड्यांचं खत, न विकलेली मळकी लोकर,
शेजारच्या इस्लेइफुरच्या जाळ्याचा फाटका तुकडा.
आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावणार, म्हणतात.
आभाळाचं मला ठाऊक नाही.
जमिनीला लागतं ठिगळ,
एका उन्हाळ्यात वीत, दोन वीत,
वाऱ्याची मर्जी असेल तर.

जूनअखेर मागची टेकडी जांभळी झाली.
रस्त्यावर गाड्या थांबू लागल्या.
एक नवरी पांढऱ्या झग्यात फुलांत शिरली,
फोटोवाला म्हणाला, अजून आत, अजून आत.
हाल्बेरा खिडकीतून बघत राहिली, कॉफी निवेपर्यंत.
"ते मी पेरलंय."

एकोणीस वर्षांची होती तेव्हा.
सरकारी माणसाने दिलेलं ल्युपिनचं बी, अलास्काचं,
कॉफीच्या डब्यातून मुठीमुठीने.
तेव्हा सकाळी दार उघडायला फावडं लागायचं,
दुधात वाळू, पाळण्यात वाळू,
बापाने घर सोडायचं ठरवून पेट्याही बांधल्या होत्या.
ल्युपिनने वाळू थांबवली.
मग ल्युपिन थांबलं नाही.
टेकडी उतरलं, ओढा ओलांडला,
ब्लूबेरीच्या झुडपांवर बसलं,
आणि शेवाळावर, ज्याला पेरभर वाढायला
माणसाचं निम्मं आयुष्य लागतं.

आता शेंगा पिकायच्या आत कापायचं.
टेकडीवरचं राहू दे, ओढ्याच्या अलीकडचं नाही:
तिने खुंट्या ठोकून रेघ आखली आहे.
ल्युपिनला रेघ दिसत नाही.
तिचा एक गुडघा धातूचा, म्हणून बसून कापते,
सरकत सरकत, तळव्यात विळा,
एखाद्या ओळखीच्या माणसाचे केस कापावेत तशी.
तो डबा अजून आहे. त्यात आता स्क्रू असतात.

"मग तेव्हा चुकलं का तुझं?"
मी हे विचारलं जेवताना, मासा सोलता सोलता.
तिने काटा बाजूला काढला, मग दुसरा.
"बटाटे घे," म्हणाली.
दोन दिवसांनी, विळ्याला धार लावताना:
"पेट्या बांधलेल्या होत्या, म्हटलं ना."

तालुक्याहून एक मुलगी आली फॉर्म घेऊन.
व्यवसाय? भूसंवर्धक लिहू?
"मेंढपाळ लिही. निवृत्त.
आणि जागा उरली तर
ते जांभळं कुणी लावलं तेही लिही."
जागा उरली नव्हती. मुलीने मार्जिनमध्ये लिहिलं.

मी निघालो त्या सकाळी
ती काठापाशी होती, पाठमोरी,
वाऱ्याने रात्रीतून ओढून काढलेलं गवत
पुन्हा त्याच भोकात कोंबत.
हात हलवला नाही. दोन्ही हात कामात होते.
विळ्याने ओढ्याच्या अलीकडे बोट करावं तसं दाखवलं:
तिथे राहिलीत काही.
बस यायला वेळ होता. मी गेलो, शहरी बुटांनी,
अकरा उपटली, मुळं मनगटाएवढी,
हात धुतले, बॅग उचलली.

बस पुलावर वळताना काचेतून दिसलं बारावं.
शेंगा काळ्या, तडकायला आलेल्या.
मी उठून पुढे गेलो,
ड्रायव्हरला म्हटलं, जरा थांबता का.