दुमड

मृग गेला, आर्द्रा गेल्या,
तरणा गेला, म्हाताराही कोरडा गेला,
तेव्हा पेशइमाम म्हणाले, उद्या माळावर नमाज.
लेकरं आणा, शेरडं आणा,
करडं आयांपासून लांब बांधा, ओरडू देत.
खुतबा झाला की सदरे उलटे करा.

मी दस्तगीर नदाफ. बाप कापूस पिंजायचा, मी शिवतो.
उमदीच्या अलीकडच्या या वस्त्यांत
दुसरा शिंपी नाही.
गुडघा दुखतो म्हणून मी शेवटच्या सफेत.

आमच्या माळावर बाभळीसुद्धा
एकमेकींपासून लांब उभ्या राहतात,
शेजारणीचं पाणी तोडायला नको म्हणून.
घरात दखनी, बाजारात कानडी,
तलाठ्यासमोर मराठी,
आणि विहिरीच्या तळाशी वाकून बघताना
कुठलीच नाही.

काबा पश्चिमेला.
कोयनाही पश्चिमेलाच.
ढग तिथं सगळं ओतून हलके होतात.
शाळेत मास्तर फळ्यावर लिहायचे, पर्जन्यछायेचा प्रदेश.
छाया हा शब्द वाचून
मला तेव्हा बरं वाटायचं.

खुतबा झाला.
दोनशे माणसांनी सदरे काढले, झटकले, उलटे घातले
आणि मला सगळं गाव
आतून दिसलं.

जब्बार मुजावराच्या मानेमागं अरबी अक्षरं,
खाली बारीक, बांगलादेश.
अकरा वर्षं तो दम्मामकडं
वाळवंटात पाण्याचा टँकर चालवायचा.
इथं हंडा घेऊन टँकरची वाट बघतो.
शौकतची बाही युरियाच्या पोत्याच्या दोऱ्यानं शिवलेली,
ऊसतोडीला वाळव्याकडं गेला की असंच करतो,
परत आल्यावर मला तोंड दाखवत नाही.
बशीर मिरजेत सतारीचे भोपळे कोरतो,
त्याच्या सदऱ्याला आतूनसुद्धा लाखेचे डाग.
कडेला पिरगोंडा पाटील, हात जोडून.
उरसाचा गलेफ त्यांच्याच घरातनं येतो.
कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनीही सदरा उलटा केलेला.
चोरखिसा मीच लावला होता, कशाला ते विचारलं नव्हतं.
आज कळलं. तंबाखू.
‘मळे बरली,’ ते पुटपुटत होते, ‘मळे बरली.’

माझ्या टाक्यांची मला लाज वाटली.
कुठं घाई, कुठं उधारीचा राग,
ईदच्या आदल्या रात्रीचे तर सगळेच वाकडे.
चाळीस वर्षं मी समजत होतो
आतली बाजू कुणी बघत नाही.

मग पुढच्या सफेत मकदूमचं पोरगं दिसलं.
मकदूम गेला बोअरच्या गाडीवर,
सातशे फुटांवर नुसता फुफाटा लागला त्या रात्री.
त्याचा निळा सदरा त्याच्या बायकोनं आणून दिलेला,
‘बच्चे के नाप का करो भाई, कापू नक्को.’
मी कापला नव्हता.
दोन्ही अंगांना चार चार बोटं आत दुमडून
कच्ची टीप मारली होती,
पोरगं वाढेल तशी उसवायला.

बाहेरून तो सदरा विटून राखेसारखा झालाय.
दुमड मात्र
पहिल्या दिवसाइतकी निळी.
उन्हानं तिला पाहिलंच नव्हतं.

इमामांनी हात उचलले,
तळवे जमिनीकडं.
या दुव्यात असंच असतं.
मीही उचलले,
पण काय मागायचं ते
थोडा वेळ सुचलं नाही.
त्या चार बोटांवरच नजर होती.

पाऊस त्या दिवशी आला नाही.
करडं सोडली, ती आयांना ढुशा देत प्यायला लागली,
जब्बारनं फोन करून टँकरवाल्याला शिव्या दिल्या,
लोकांनी सदरे सरळ केले
आणि पुन्हा कुणाचं काही दिसेना.

पोरगं तेवढं विसरलं.
बाभळीबाभळींतून
उलट्या सदऱ्यानं पळत घरी गेलं.
मी हाक मारली नाही.